निवृत्तीनंतर परदेशात राहताना महिन्याचा हिशेब
भाडं, किराणा, वीज-पाणी एवढ्यावर महिन्याचा खर्च धरू नका. वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी कागदावर घ्या: व्हिसाचं नूतनीकरण, आरोग्य विम्याचा हप्ता, मायदेशी जाण्यायेण्याची दोघांची तिकिटं. बेरजेला 12 ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. बजेट कोलमडतं ते बहुधा इथेच.

पेन्शन एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात असेल, तर पेन्शनचं चलन 15 टक्के घसरलं असं धरूनच घर निवडा. विम्याचा हप्ता वयाबरोबर चढतो. सत्तरीनंतरचा दर आत्ताच विचारा, आधीपासूनच्या बीपी-मधुमेहाला प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यांचा खर्च विम्यातून मिळू लागेपर्यंत थांबावं लागतं ती मुदत, किती तेही. आणि हो, एकाच्या पश्चात दुसऱ्याला पेन्शन किती मिळेल ते नक्की तपासा, कारण भाडं तेवढंच राहतं.