विमानप्रवास : अंतर ठरलेलं, वेळ का नाही?

मुंबई–दिल्ली अंतर साधारण 1,140 किलोमीटर. ताशी 830 चा वेग धरला तर सव्वा ते दीड तास होतो, पण तिकिटावर सव्वादोन तास असतात. बाकीचा वेळ जातो कुठे? — एक वाचक, डोंबिवली

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. सुटायच्या जागी विमान हललं तिथपासून उतरल्यावर चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा सगळा हिशेब त्यात धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. रांग लागली की दहा-पंधरा मिनिटं जमिनीवरच जातात. शिवाय 830 चा वेग मिळतो तो वर पोहोचल्यावर. दहा हजार फुटांखाली साधारणपणे 250 नॉटची, म्हणजे ताशी 463 किलोमीटरची मर्यादा असते. वाटही सरळ रेषेत नसते. ठरलेले हवाई मार्ग धरावे लागतात आणि उतरताना वळसा पडतो तो वेगळाच.

घरगुती हिशेब असा : अंतराला 800 ने भागा, वर 40 मिनिटं घाला. दिल्लीसाठी 1 तास 25 मिनिटं अधिक 40, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. उरलेली पाच-दहा मिनिटं कंपन्या उशिरासाठी राखून ठेवतात. म्हणून तर कधी कधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोहोचतं!

नागपूरचं हवाई अंतर स्वतः काढता येईल का? — महाविद्यालयीन विद्यार्थी, दादर

येईल. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, नागपूर 21.09 उत्तर, 79.05 पूर्व. अक्षांशातला फरक 2 अंश, गुणिले 111 किलोमीटर, म्हणजे 222. रेखांशातला फरक 6.18 अंश, पण इथे 111 धरू नका, चूक होते ती इथेच. ध्रुवांकडे जाताना रेखांश जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात अंशाला सुमारे 105 किलोमीटर धरायचे. झाले 649. आता पायथागोरस : 222 आणि 649 यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ. सुमारे 686 किलोमीटर. लंडन-न्यूयॉर्कला ही युक्ती चालत नाही. तिथे पृथ्वीचा गोलावा मोजावाच लागतो.

दुबईला जाताना पावणेदोन तास आणि येताना जवळजवळ साडेचार, असं कसं? — गृहिणी, ठाणे

घड्याळं वेगळी आहेत. दुबई आपल्यामागे दीड तास. सकाळी 10 ला निघून तिथल्या 11.45 ला उतरलात, तर प्रवास सव्वातीन तासांचा. तिथून 10 ला निघून इथे दुपारी 2.25 ला आलात, तर 4 तास 25 मिनिटांतून दीड तास वजा, म्हणजे 2 तास 55 मिनिटं. उरलेल्या वीस मिनिटांचा फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. जाताना समोरून, येताना पाठीवर. पावसाळ्यात वरच्या थरात ते पूर्वेकडून वाहू लागतात, तेव्हा हा फरक घटतो.

तिकिटावर फक्त 'मुंबई' पाहून निघालं तर चालेल ना? — नोकरदार, पनवेल

नाही. तीन अक्षरी कोड बघा : सांताक्रूझ-अंधेरीकडचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. दोन्हींत सरळ रेषेत जेमतेम 25 किलोमीटर, पण मध्ये खाडी आणि मुंबईची वाहतूक. चुकीच्या दारात उतरलात तर संध्याकाळच्या गर्दीत दीड तासही कमी पडेल.