वही का जाळली?

प्रश्न : मुलीने मेडिकलची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता आम्ही तिसऱ्यांदा देणार आहोत. पण तिचं सगळं लक्ष गुरांच्या गोचिडींत. बाटल्यांत भरून ठेवते, दोन वर्षं महिन्यावार मोजून वहीत लिहिते. परवा ह्यांनी वही चुलीत घातली. तेव्हापासून ती आमच्याशी बोलत नाही. किड्यांचंच शिकणार म्हणते. हे म्हणतात, फवारणीला पदवी कशाला? - एक आई, दोडामार्ग

उत्तर : ताई, परीक्षा मुलगी देते आणि तुम्ही लिहिता 'आम्ही देणार'. तिला काय वाटतं, याची एक ओळ पत्रात नाही. मला मार्कांपेक्षा त्याची काळजी वाटते, आणि त्याहून त्या वहीची. कोणी सांगितलेलं नसताना दोन वर्षं नेमाने नोंदी ठेवणारी मुलं माझ्याकडे फार थोडी येतात. तिच्या बाबांनी तिची माफी मागावी. करिअरचं बोलणं त्यानंतर.

फवारणीबद्दलचा गैरसमज मात्र काढायलाच हवा. तुमच्या तालुक्याने 2016 मध्ये माकडताप पाहिला. त्याचा विषाणू 1957 मध्ये शिवमोग्याकडच्या क्यासनूर जंगलातल्या साथीत सापडला, तो ओळखला पुण्याच्या प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही). तो पसरवणाऱ्या रानगोचिडीची मोठी अवस्था पावसाळ्यात गुरांवर दिसते. पाऊस सरला की बारीक पिल्लं निघतात. त्यानंतर थेट उन्हाळ्यापर्यंत असते ती मधली अवस्था, जेमतेम खसखशीएवढी. माणसाला चावते ती बहुतेक हीच, आणि काजू वेचायचे दिवसही तेच. या तापाने माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात, म्हणून ती जागा धोक्याची. हे समजलं कसं? रानात महिनोन्महिने गोचिडी गोळा करून मोजणारी माणसं होती म्हणून. फवारायचं कुठे आणि कधी, हे त्या मोजणीवर ठरतं. तुमच्या मुलीची वही त्याच कुळातली होती.

तिसरी नीट नको. ती स्वतःहून मागत असेल तरच. एरवी प्राणिशास्त्रात बी.एस्सी., मग पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमधलं पब्लिक हेल्थ एंटॉमॉलॉजीचं, म्हणजे रोग पसरवणाऱ्या किड्यांच्या शास्त्राचं, एम.एस्सी. नोकऱ्यांबद्दल खोटं सांगणार नाही. आरोग्य खात्यात कीटक समाहारक (किडे गोळा करणारा), कीटकशास्त्रज्ञ अशी पदं आहेत, पण थोडी, आणि बरीच कामं कंत्राटी असतात. संशोधनात राहायचं तर पीएच.डी. लागेल. डॉक्टरचा पगार डोळ्यांपुढे ठेवून या वाटेला जाऊ नये.

बाटल्यांना विरोध असेल तर तो मात्र बरोबर आहे. तुमच्या भागात जिवंत गोचिडी घरात ठेवणं धोक्याचं. त्या बोटांनी चिरडू नयेत, अंगाला चिकटली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रानातून आल्यावर ताप भरला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि गोचीड चावल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. मोजणी तिने सध्या गुरांच्या अंगावरच करावी, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून.