एमएनडी (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाण्याचा आजार) झालेल्या वडिलांचं बोलणं जड होतंय. आवाजाच्या तपासणीतून काय कळेल?

निदान आवाजावरून होत नाही. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणीच लागते. पण बोलणं किती आणि कशामुळे बिघडतंय, हे चांगलं मोजता येतं.

स्पीच थेरपिस्ट एका दमात लांब 'आऽ' म्हणायला लावतात, 'प-ट-क, प-ट-क' भरभर म्हणून घेतात आणि उतारा वाचून घेतात. 'आऽ'मधून स्वराची थरथर आणि दम कळतो, 'प-ट-क'मधून ओठ-जिभेची चपळाई. माझ्या मते सगळ्यात कामाचा तो वाचनाचा वेग. समोरच्याला शब्द नीट कळत असतानाच वेग उतरू लागतो. आजार किती वाढला हे मोजणाऱ्या नेहमीच्या एएलएसएफआरएस-आर प्रश्नावलीत बोलण्याला 0 ते 4 एवढेच गुण, त्यात हा बारीक फरक दिसत नाही. इंग्रजीत मिनिटाला साधारण 120 शब्द ही धोक्याची खूण मानतात. मराठीला तो आकडा जसाच्या तसा लावू नका, बाबांच्याच जुन्या रेकॉर्डिंगशी तुलना करा.

घरी रेकॉर्ड करताना फोन तोच, अंतर तेच, पंखा बंद आणि वेळ शक्यतो सकाळची. संध्याकाळी थकव्याने बोलणं आणखी जड होतं.

आणि व्हॉइस बँकिंगबद्दल (पुढे यंत्रातून स्वतःच्याच आवाजात बोलता यावं म्हणून आवाज साठवून ठेवणं) थेरपिस्टना आत्ताच विचारा. आवाज स्पष्ट आहे तोवरच ते नीट होतं.