रुग्णालयाचे ‘धोरण’, ‘रणनीती’ की ‘व्यूहरचना’?

तालुक्याच्या गावी असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांनी विचारले आहे की, पुढील पाच वर्षांचा ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ मराठीत लिहायला घेतला आणि शीर्षकावरूनच मंडळात मतभेद झाले. काहींना ‘धोरण’ हवे आहे, काहींना ‘रणनीती’, आणि दोघा डॉक्टरांना ‘व्यूहरचना’ हा शब्द रुग्णसेवेच्या कागदावर युद्धखोर वाटतो. त्याच मसुद्यात ‘कॉम्पिटिटिव्ह ॲनालिसिस’साठी ‘प्रतिस्पर्धी विश्लेषण’ आणि ‘कॅचमेंट एरिया’साठी, म्हणजे रुग्ण जिथून येतात त्या भागासाठी, ‘पाणलोट क्षेत्र’ असे शब्द योजले आहेत. तेही योग्य आहेत का, असे त्यांनी विचारले आहे.

‘धोरण’ हा मराठीतला गुणी शब्द आहे. ‘धोरणी माणूस’ म्हटले की चार पावले पुढचे पाहून वागणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणजे हवा तो अर्थ शब्दाच्या पोटात आहेच. अडचण अशी की शासनव्यवहाराने हा शब्द ‘पॉलिसी’साठी पक्का करून टाकला आहे. २०१७ सालचे उदाहरण पाहू. त्या वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय आरोग्य धोरण जाहीर केले आणि २०२५पर्यंत क्षयरोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट त्यात ठेवले. क्षयरोगासाठी २०१७ ते २०२५ या काळाचा ‘नॅशनल स्ट्रॅटेजिक प्लॅन’ मात्र स्वतंत्रपणे तयार झाला आणि रुग्ण शोधणे, उपचार करणे, प्रसार रोखणे व यंत्रणा उभारणे या चार खांबांवर त्याची मांडणी केली गेली. पहिल्या दस्तऐवजात काय साधायचे ते आहे, तर दुसऱ्यात त्यासाठी काय, कोठे आणि कसे करायचे ते आहे. दोन्हींना ‘धोरण’ म्हटले, तर हा फरक पुसला जातो. आपल्या रुग्णालयापुरते बोलायचे तर, निर्धन रुग्णाला दारातून परत पाठवायचे नाही, हे धोरण झाले. त्यासाठी डायलिसिसची यंत्रे आधी घ्यावीत की प्रसूती विभागाच्या खाटा आधी वाढवाव्यात, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याला निराळा शब्द लागतो.

तो शब्द ‘रणनीती’ असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पहिलेच पद ‘रण’ आहे, आणि रण म्हटले की समोर शत्रू गृहीत धरावा लागतो. ‘व्यूह’ची गोष्ट वेगळी आहे. ‘वि’ या उपसर्गासह ‘ऊह्’ धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ विशिष्ट रीतीने केलेली मांडणी असा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन पांडवांचे सैन्य ‘व्यूढ’ झालेले पाहतो, म्हणजे रचून उभे केलेले पाहतो; तोवर एकही बाण सुटलेला नसतो. व्यूह रचणाऱ्याला आपल्याच माणसांचा विचार करावा लागतो: कोण कोठे उभा राहील, कोणाच्या पाठीशी कोण असेल. शिवाय एखाद्याला एका जागी उभे केले की दुसरी जागा रिकामी राहणार, हेही त्याला पत्करावे लागते. मर्यादित खाटा, मोजके भूलतज्ज्ञ आणि तुटपुंजा निधी असलेल्या रुग्णालयाला नेमके हेच करायचे असते.

युद्धाचा वास येतो, ही डॉक्टरांची शंका मला बिनबुडाची वाटत नाही. पण ‘मोहीम’ हा शब्द पाहावा. इतिहासात मोहीम म्हणजे सैन्याची स्वारी. आज लसीकरण मोहीम म्हणताना कोणाला तलवार आठवत नाही. खुद्द ‘स्ट्रॅटेजी’ही ग्रीक भाषेतल्या सेनापतीवाचक शब्दातून आलेली आहे. तेव्हा शीर्षकात ‘पंचवार्षिक व्यूहात्मक आराखडा’ लिहावे. ‘नियोजन’ ही क्रिया आणि ‘आराखडा’ हा तिच्यातून निघालेला कागद, एवढा भेद सांभाळावा. ‘नियोजन’ आरोग्यक्षेत्राला परका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत केंद्र सुरू केले ते ‘संततिनियमना’चे, पुढे १९५२मध्ये सुरू झालेला सरकारी कार्यक्रम मराठीत ‘कुटुंबनियोजन’ म्हणून घरोघरी पोहोचला. नियमनात आवर घालणे आहे, नियोजनात पुढचे ठरवणे आहे.

‘प्रतिस्पर्धी विश्लेषण’ या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण या ठिकाणी फार बोलके आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले, आणि १९९२पासून त्याच संस्थेची लायको ही शाखा इतर नेत्र रुग्णालयांना आपली कार्यपद्धती शिकवू लागली. ज्याला आपण स्वतःहून शिकवतो, त्याला प्रतिस्पर्धी कसे म्हणावे? आपल्या गावातही, ज्या रुग्णालयाशी तुलना करायची तिथेच रात्री हृदयविकाराचा रुग्ण पाठवण्याची वेळ येते. म्हणून त्या प्रकरणाला ‘परिसरातील आरोग्यसेवांचा तुलनात्मक आढावा’ असे नाव द्यावे. शब्द लांब आहे, पण त्यामुळे लिहिणाऱ्याला कोणती सेवा कोठेच मिळत नाही हेही नोंदवणे भाग पडते. ‘प्रतिस्पर्धी’ म्हटले की नजर फक्त दुसऱ्याच्या गर्दीवर जाते.

याच प्रकरणात, एखाद्या व्यवसायातील स्पर्धा ठरवणाऱ्या ज्या पाच शक्ती व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९मध्ये मांडल्या, त्यांचा तक्ता असल्यास त्यांतील ‘ग्राहकाची सौदाशक्ती’ हा शब्दप्रयोग जपून वापरावा. स्ट्रेचरवरचा रुग्ण सौदा करत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या, रुग्णालयाला मिळणारे दर योजनाच ठरवते, आणि खासगी विम्यात ही घासाघीस विमा कंपनी करते. त्यामुळे ‘रुग्ण’ आणि ‘खर्च भागवणारा’ असे दोन वेगळे शब्द ठेवावेत. संस्थेच्या आतल्या-बाहेरच्या परिस्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘स्वॉट’ तक्त्यासाठी बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके हे रुळलेले शब्द पुरेसे आहेत, फक्त ‘बाहेरील धोके’ असे लिहावे, कारण रुग्णालयात नुसता ‘धोका’ म्हटला की तो रुग्णाच्या जिवाचाच वाटतो.

‘पाणलोट क्षेत्र’ मात्र तत्काळ काढावे. ते पावसाच्या पाण्याचे असते, रुग्णांचे नव्हे. आरोग्य खात्यात त्यासाठी ‘कार्यक्षेत्र’ हा शब्द नित्याचा आहे. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, आणि केंद्राला नेमून दिलेली गावे म्हणजे त्याचे कार्यक्षेत्र. आपल्या रुग्णालयाला गावे कोणी नेमून दिलेली नाहीत. रुग्ण एसटीच्या सोयीने, ओळखीने किंवा विश्वासाने येतात. त्यामुळे ‘कार्यक्षेत्र’ही येथे पूर्ण बसत नाही. ‘रुग्ण येतात तो परिसर’ असे सरळ लिहावे, आणि त्याखाली केसपेपरवरील पत्त्यांवरून काढलेली गावांची नावे द्यावीत.