अमरिलिसच्या बियांतून नवा रंग काढताना

लाल अमरिलिसला पांढऱ्याचे पराग लावले आणि रोपं सगळी लालच फुलली, म्हणून खट्टू होऊ नका. पांढरा रंग त्यांच्यात दडलेला आहे. मोठ्या फुलांचे संकर बहुतेक चतुर्गुणित असतात: मूळ रानजातींत 22 गुणसूत्रं, तर यांच्यात 44. म्हणजे रंगाच्या जनुकाच्या दोन नाही, चार प्रती. त्यातली एक जरी लाल देणारी असली, तरी पाकळीत लाल रंगद्रव्य तयार होतं. तुमच्या रोपांत दोन प्रती लालच्या, दोन पांढऱ्याच्या असणार. त्यांचं स्वपरागण केलंत, म्हणजे रोपाचे पराग त्याच रोपाच्या फुलाला लावलेत, तर साधारण 36 रोपांत एक पांढरं मिळेल. त्यापेक्षा तीच रोपं पुन्हा पांढऱ्याशी जुळवा, प्रमाण सहात एकावर येतं. मी तरी हाच रस्ता धरायला सांगेन.

कळी उमलताच, परागकोश फुटायच्या आत ते चिमट्याने काढून टाका. कुक्षीच्या, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाच्या, तीन फाका उघडल्या की पराग लावा आणि देठाला चिठ्ठी बांधा: आई कोण, बाप कोण. बोंड तडकलं की काळ्या, कागदासारख्या पातळ बिया लगेच पेरा. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर एकही रोप टाकू नका. कंदाची पिल्लं मात्र आईच्याच रंगाची निघतात.