ऑटिझम असलेल्या मुलांना ॲलर्जी आणि पोटाचे त्रास जास्त का असतात? इम्युनिटीशी काही संबंध आहे का?

संबंध आहे, पण "इम्युनिटी सुधारा, ऑटिझम जाईल" असं कोणी सांगत असेल तर तिथून सरळ उठून या. तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे, अंगावर सारखं पुरळ उठतं, पोट साफ होत नाही आणि कोणीतरी इम्युनिटीच्या महागड्या टेस्ट करायला सांगितल्यात. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, यातलं बरंच आम्ही भोगलंय म्हणून लिहितेय.

तो पाच वर्षांचा असताना एकदा ताप १०२ वर गेला. एरवी हाक मारली तरी वळून न बघणारा पोरगा त्या रात्री आपणहून मांडीवर येऊन बसला, माझी हनुवटी धरून तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला "आई पाणी". दोन शब्द जोडून, पहिल्यांदाच. सकाळी ताप उतरला आणि सगळं परत होतं तसं. मला वाटलं भासच झाला, पण नंतर कळलं की हे खूप पालकांनी बघितलंय, २००७ मध्ये अमेरिकेत ३० मुलांवर याचा अभ्यासही छापून आला, तापात बऱ्याच जणांची चिडचिड आणि तेच तेच करत राहणं कमी झालं होतं.

म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आणि मेंदू एकमेकांशी बोलतात हे खरंय. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत रुबेलाची (जर्मन गोवराची) मोठी साथ आली, पोटात असताना ज्यांना तो झाला त्या मुलांमध्ये स्टेला चेस या बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंना ऑटिझमचं प्रमाण खूप जास्त सापडलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूत सूज असल्याच्या खुणा दिसल्या. पण गरोदरपणात ताप आलेल्या बहुतेक बायकांच्या मुलांना ऑटिझम होत नाही, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका (मी दोन वर्षं तेच केलं). आणि लसीचं मनातून काढूनच टाका, लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा तो १२ मुलांवरचा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली तरी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा संबंध निघाला नाही.

आता तुमच्या कामाचं. सात वर्षांचा असताना आमचा मुलगा भिंतीवर डोकं आपटायला लागला, सोफ्याच्या कडेवर पोट दाबून तासन्‌तास पडून राहायचा. सगळे म्हणाले बिहेवियर आहे, थेरपी वाढवा. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुसतं पोट दाबून बघितलं, कडक शी भरून राहिली होती. त्याला दुखत होतं आणि सांगता येत नव्हतं, एवढंच! काही महिने औषध चाललं, डोकं आपटणं थांबलं, रात्रीची झोप लागायला लागली. ऑटिझम आहे तसाच आहे.

म्हणून पुरळ, पोट, कान, दात यांचे उपचार बाकीच्या मुलांसारखेच नीट करून घ्या. मध्येच टक लावून हरवल्यासारखी होत असेल तर फिटसाठीही दाखवा, या मुलांमध्ये एपिलेप्सी जास्त दिसते. इम्युनिटीच्या त्या टेस्टवरून ऑटिझमचा उपचार ठरत नाही, ते पैसे वाचवा. शी कधी झाली, झोप किती, पुरळ कधी उठलं हे रोज लिहून ठेवा आणि त्रास होत असताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण डॉक्टरांसमोर नेमकं त्याच वेळी काही होत नाही.