मागच्या आज्ञेचा निकाल
प्रश्न : बॅश या आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या स्क्रिप्टमध्ये फाइलची प्रत काढणारी आज्ञा फसली, तरी एको (echo) या आज्ञेने संदेश छापल्यानंतर तपासलेल्या $? चे मूल्य ० का येते?

उत्तर : $? या अंगभूत चलात केवळ नुकत्याच संपलेल्या आज्ञेचा निकाल असतो. त्यामुळे मधली एको यशस्वी होताच प्रतीचा निकाल पुसला जातो आणि तिचे स्वतःचे ०, म्हणजे यशाची खूण, तेथे येते. प्रतीच्या आज्ञेनंतर लगेचच हे मूल्य वेगळ्या चलात साठवावे. मात्र निव्वळ यशापयश पाहायचे असेल, तर ती आज्ञाच थेट इफच्या (if) अटीत लिहिणे मला अधिक निर्धोक वाटते. मूल्य साठवण्याचा खरा उपयोग कारण शोधताना होतो : १२७ म्हणजे आज्ञा सापडली नाही, तर १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. पाइपने (|), म्हणजे एकीचे आउटपुट पुढचीला देत, जोडलेल्या आज्ञांमध्ये $? सहसा शेवटचीच स्थिती सांगते. प्रत्येकीची स्थिती पाइपस्टेटस (PIPESTATUS) या अॅरेमध्ये, म्हणजे मूल्यांच्या यादीत, मिळते.